जुनी चिनी बाळखुर्ची: नक्षीचा अर्थ काय, आणि माणसांचे चेहरे कुठे गेले?

तांबडफुटी:

नमस्कार. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षे शांघायला होतो आणि गेल्या वर्षी पुण्याला परतलो. परतण्याच्या थोडे आधी सुझोऊ येथील जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून लहान मुलाला बसवण्याची एक लाकडी खुर्ची घेतली. ती निंगबोकडची आणि साधारण शंभर वर्षांपूर्वीची असल्याचे दुकानदाराने सांगितले. त्याच्या सांगण्यावर माझा पूर्ण विश्वास नाही, परंतु खुर्ची मनात भरली म्हणून घेतली.

तिची ठेवण अशी आहे. उंची माझ्या गुडघ्याच्या थोडी वर. चारही बाजू फळ्यांनी बंद, त्यामुळे ती खुर्चीपेक्षा उभ्या पेटीसारखी दिसते. बैठकीला मधोमध गोल भोक आहे. समोर आडवी दांडी असून तिच्यात सरकणारे लाकडी मणी ओवलेले आहेत. तीन असावेत, आता दोनच उरले आहेत. पाय टेकण्याची फळी पट्ट्यापट्ट्यांची असून तिच्या खालच्या बाजूला लाकूड काळवंडलेले आहे. रंग गडद तांबडा, कडा काळ्या आणि कोरीवकामावर कुठेकुठे सोनेरी वर्खाचे अवशेष.

पाठीच्या फळीवर शिंग असलेल्या, अंगावर खवले असलेल्या एका प्राण्यावर बसलेला मुलगा कोरला आहे. त्याच्या एका हातात कमळ आहे आणि दुसऱ्या हातात नळ्यांची जुडी. मागे निशाण घेतलेली दोन माणसे आहेत. डाव्या फळीवर तीन फळे आहेत, त्यांतले एक हाताच्या बोटांसारखे. उजव्या फळीवर मोठ्या माकडाच्या पाठीवर बसलेले लहान माकड. समोरच्या फळीच्या आतल्या अंगाला, म्हणजे बसलेल्या मुलालाच दिसेल अशा जागी, उलटे वटवाघूळ आणि त्याच्या खाली भोकाचे नाणे.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. पहिली, या सगळ्याचा अर्थ काय? वटवाघूळ आणि लहान मूल यांची सांगड मला अजिबात घालता येत नाही. दुसरी, तिन्ही माणसांचे चेहरे सपाट झाले आहेत, नाक-डोळे काहीच नाही. मुलांचे हात लागून ते झिजले असतील का? तिसरी, माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे. तिला या खुर्चीत बसवले तर चालेल का?

दूरदेशी:

मी चिनी भाषा शिकवतो आणि काही वर्षे निंगबोला राहिलो आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. चिनी भाषेत एकाच उच्चाराचे अनेक शब्द असतात आणि तिकडच्या सुतारांनी व कोरीवकाम करणाऱ्यांनी त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला आहे. आपल्याकडे श्लेष हा कवितेचा अलंकार मानला जातो. तिकडे तो पलंगावर, पेटीवर आणि पाळण्यावर कोरलेला आढळतो. त्यामुळे कोरलेल्या वस्तूचे नाव मोठ्याने उच्चारल्याशिवाय नक्षी कळत नाही.

वटवाघळाच्या नावातले मुख्य अक्षर ‘फू’. सुख, भाग्य, कल्याण यांसाठीचा शब्दही ‘फू’. त्या प्राण्याविषयी तिकडे आपल्यासारखी किळस नाही, आणि याचे कारण हा उच्चारच आहे. ते उलटे का, तर ‘उलटे होणे’ आणि ‘येऊन पोहोचणे’ या दोन्हींचा उच्चार ‘दाओ’, म्हणजे उलटे वटवाघूळ याचा अर्थ भाग्य दारी आले. आता खालचे नाणे पाहा. नाण्याला ‘छ्येन’ म्हणतात आणि ‘समोर’ या अर्थाचा शब्दही ‘छ्येन’. नाण्याच्या भोकाला डोळा म्हणतात, त्याचा उच्चार ‘येन’. दोन्ही जोडले की ‘येनछ्येन’, म्हणजे डोळ्यांसमोर. वटवाघूळ आणि भोकाचे नाणे हे संपूर्ण वाक्य आहे: भाग्य डोळ्यांसमोर आहे. ही नक्षी एरवी कुठेही असते, परंतु तुमच्या खुर्चीच्या कारागिराने ती खरोखरच बाळाच्या डोळ्यांसमोर येईल अशी बसवली आहे. आपली भाषा अजून न येणाऱ्या मुलासाठी त्याने हे वाक्य लिहून ठेवले, याचे मला फार अप्रूप वाटते.

पाठीवरचा प्राणी म्हणजे ‘चीलिन’. तो कल्पनेतला आणि शुभ, थोर माणसाच्या जन्माची सूचना देणारा. कन्फ्यूशियसच्या जन्माआधी चीलिन प्रकट झाला आणि त्याने तोंडातून लेख कोरलेला जेडचा ग्रंथ बाहेर टाकला, अशी आख्यायिका आहे. त्यावरून ‘चीलिन मुलगा आणून देतो’ हे चित्र रूढ झाले. मुलाच्या हातातली नळ्यांची जुडी म्हणजे ‘शंग’ नावाचे, तोंडाने फुंकून वाजवायचे वाद्य. जन्म देणे यालाही ‘शंग’ म्हणतात. कमळ म्हणजे ‘ल्येन’, आणि ‘एकामागून एक’ याचाही उच्चार ‘ल्येन’. कमळ, वाद्य आणि मुलगा मिळून ‘एकापाठोपाठ थोर मुलगे जन्माला येवोत’ असा आशीर्वाद होतो.

तीन फळे म्हणजे डाळिंब, पीच आणि बोटांसारखे दिसणारे लिंबाच्या जातीचे फळ, ज्याला ‘बुद्धाचा हात’ म्हणतात. या त्रयीला ‘तीन विपुलता’ असे नाव आहे. पीच दीर्घायुष्याचे. बुद्धाच्या हाताचा उच्चार ‘फोशौ’, जो ‘फू’ आणि दीर्घायुष्यवाचक ‘शौ’ यांच्या जवळ जातो. डाळिंबाच्या बीला ‘त्झ’ म्हणतात आणि मुलालाही ‘त्झ’. याची एक जुनी कथा आहे. सहाव्या शतकात, उत्तर छी राजवटीत, एका राजपुत्राच्या सासूने सम्राटापुढे दोन डाळिंबे ठेवली. त्यांचा अर्थ कोणालाच उलगडेना, तेव्हा वेइ शौ या विद्वानाने सांगितले की डाळिंबाच्या पोटात दाणे पुष्कळ असतात, आणि नवदांपत्याला तशीच भरपूर संतती व्हावी अशी वधूच्या आईची इच्छा आहे.

माकड ‘हौ’, आणि मोठ्या सरदारकीची एक पदवीही ‘हौ’. पाठ म्हणजे ‘बेइ’, पिढी म्हणजेही ‘बेइ’. पाठीवर माकड घेतलेले माकड म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सरदारकी. मात्र अशा चित्रांवरून खुर्चीचे वय ठरवू नका. राजदरबारी अधिकारी निवडण्याची परीक्षा १९०५ साली बंद झाली आणि १९१२ साली बादशाहीच संपली, तरी कारागीर नंतरही तीच माकडे आणि तेच परीक्षार्थी कोरत राहिले.

खुर्चीच्या घडणीविषयी थोडे. बैठकीचे भोक शीसाठी. खाली भांडे ठेवायचे. पट्ट्यांच्या फळीखालचे काळवंडलेले लाकूड शेगडीमुळे. यांगत्सेच्या दक्षिणेकडे हिवाळा दमट आणि बोचरा असतो, पण उत्तरेकडे असतात तसे आतून तापवलेले विटांचे ओटे तिकडच्या घरांत नसत. म्हणून खाली निखाऱ्यांचे भांडे ठेवून वर मुलाला बसवायचे, किंवा उंच लाकडी पिंपात उभे करायचे, अशी सोय होती. उत्तरेत याच्या उलट अडचण, म्हणजे रांगते मूल ओट्यावरून खाली पडू नये ही. त्यासाठी शेन्सीच्या उत्तर भागात ओट्याच्या कडेला दगडी सिंह ठेवून मुलाच्या कमरेची दोरी त्याला बांधत.

पटाशी:

चिनी भाषा मला येत नाही, पण लाकूड आणि लाखकाम हा माझा घरचा विषय आहे, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करतो. आपण ज्याला लाख म्हणतो ती किड्यापासून मिळते. खरादावर फिरणाऱ्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून चिकटते. चिनी लाख ही सर्वस्वी वेगळी वस्तू आहे. ती एका झाडाचा चीक असते, पातळ थर देऊन लावतात, आणि ती घट्ट होण्यासाठी उष्णतेपेक्षा हवेतला दमटपणा लागतो. एक थर पुरता घट्ट झाल्यावरच दुसरा चढवायचा, त्यामुळे कामाला महिने लागतात. तांबड्या रंगासाठी तिच्यात हिंगूळ मिसळत. निंगबोच्या या तांबड्या-सोनेरी कामाविषयी ‘तीन वाटे कोरीवकाम, सात वाटे लाख’ अशी म्हण आहे, आणि वस्तू हातात घेतली की ती पटते. कोरीवकाम ठसठशीत आणि काहीसे ढोबळ असते; त्याला नजाकत येते ती वरच्या लाखेने आणि वर्खाने.

आता मुलीला बसवण्याविषयी. कृपया बसवू नका. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग आहे. अखंड, घट्ट लाखेत ते कोंडलेले असते, परंतु जुन्या कामाचे पापुद्रे सुटतात आणि चौदा महिन्यांचे मूल समोरची दांडी तोंडात घातल्याशिवाय राहणार नाही. शिवाय मधल्या काळात कोणी शिशाचा रंग देऊन डागडुजी केली असेल तर ते नुसते पाहून कळत नाही. सांधे सैल झाले असतील ही भीती निराळीच.

चेहऱ्यांबद्दल मला शंका आहे. हात लागून झिजलेले लाकूड गोलसर आणि गुळगुळीत होते, आणि सर्वांत उंच भाग, म्हणजे गुडघे, कोपर, प्राण्याचे नाक, आधी झिजतात. फक्त चेहरेच सपाट झाले असतील आणि चीलिनचे शिंग शाबूत असेल, तर ही झीज नव्हे. रात्री खोलीतले दिवे बंद करा, विजेरी फळीला जवळजवळ समांतर धरा आणि त्या तिरक्या उजेडात पाहा. हत्याराची खूण असेल तर सरळ रेघा दिसतील. तसेच समोरच्या दांडीच्या वरच्या कडेवरून बोट फिरवून पाहा. खरोखर वापरलेल्या खुर्चीत तिथे बारीक खोलगट खुणा असतात. नक्कल करणारे बाकी सगळीकडे झीज आणतात, ही जागा मात्र अनेकदा विसरतात.

सांध्यांत खिळे आहेत का तेही बघा. जुन्या कामात एका लाकडाला कुसू आणि दुसऱ्याला त्याच्या मापाची खाच, एवढ्यावर सगळे उभे असते. खिळा दिसला म्हणून वस्तू नवी ठरत नाही, पण तिथे कोणीतरी दुरुस्ती केली आहे एवढे कळते.

माजघर:

दूरदेशी यांचा प्रतिसाद वाचून आनंद झाला आणि थोडे अस्वस्थही वाटले. कमळ, वाद्य, डाळिंब, चीलिन या सगळ्यांचा रोख मुलग्यांवरच आहे. आपणही नव्या नवरीला ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ असाच आशीर्वाद देत आलो, त्यामुळे दुसऱ्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. तरीही तांबडफुटी यांच्या घरी मुलगी आहे, म्हणून विचारते: अशा खुर्चीत मुलींना बसवत असत का?

दुसरे असे, की आपल्याकडे लहान मुलाच्या वस्तूंत दृष्टीपासून आणि आजारापासून रक्षण हा मोठा भाग असतो. गळ्यात वाघनख, मनगटात काळे मणी, गालाला तीट. या खुर्चीवर रक्षणाचे असे काहीच कसे नाही?

दूरदेशी:

माजघर, दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत.

रक्षणासाठी तिकडेही वाघच आहे, पण तो मुख्यतः कापडावर असतो: वाघाच्या तोंडाची टोपी, वाघाचे जोडे, वाघाची उशी. पाचव्या चांद्रमासाच्या पाचव्या दिवशी, उन्हाळा तापू लागतो तेव्हा, मुलांच्या अंगरख्यावर साप, विंचू, गोम, पाल आणि बेडूक या ‘पाच विषारी’ प्राण्यांची चित्रे भरतात, म्हणजे खऱ्या प्राण्यांची बाधा होत नाही अशी श्रद्धा. गळ्यात चांदीचे कुलूप घालतात, जेणेकरून जीव या जगाला जखडून राहावा. मी पाहिलेल्या वस्तूंवरून माझे मत असे झाले आहे की भीतीच्या वस्तू अंगावर होत्या आणि इच्छांच्या वस्तू लाकडावर. मूल वर्षा-दोन वर्षांत टोपीतून आणि जोड्यांतून बाहेर पडते. खुर्ची पुढच्या भावंडाला आणि मग त्यांच्या मुलांना जाते.

मुलींविषयी विचारलेत, ते समजायला ही खुर्ची घरात येते कशी हे पाहावे लागेल. निंगबोच्या भागात श्रीमंत घरच्या मुलीच्या लग्नात तांबड्या लाखेच्या सामानाची मिरवणूक निघे. तिला ‘दहा लीची लाल सजावट’ म्हणत. ली हे अंतराचे माप, सुमारे अर्धा किलोमीटर. जवळच्या निंगहाय येथे याच नावाचे संग्रहालय आहे. त्या मिरवणुकीत पलंग, कपाटे, शिवणाच्या पेट्या यांच्याबरोबर ‘मुला-नातवंडांची पिंपे’ असत, बाळंतपणासाठी आणि बाळाच्या आंघोळीसाठी. त्यांत तांबडी अंडी, सुकी चिनी बोरे, शेंगा घालून पाठवत. बाळाच्या पहिल्या आंघोळीची तयारी अशी लग्नाच्या दिवशीच होत असे, आणि पाळणा व खुर्चीही पुष्कळ वेळा माहेरहूनच येत. आपल्याकडचा माहेरचा बाळंतविडा आठवा. फरक असा की तो बाळ झाल्यावर जातो, आणि हे सामान बाळाची चाहूलही नसताना सासरी पोहोचलेले असे. रोज डोळ्यांसमोर असलेली ती रिकामी खुर्ची त्या नवरीला काय सांगत असेल, याची कल्पना करता येते. डाळिंबे आणि चीलिन तिच्या आईवडिलांनी मायेने कोरून घेतले असतील, पण मुलगा झाला तरच सासरी आपल्या लेकीला मान मिळेल हे ठाऊक असल्यामुळेही घेतले असतील. माया आणि धास्ती यांना इथे वेगळे काढता येत नाही.

आणि हो, त्या खुर्चीत मुलीही बसत. खुर्ची घरातल्या प्रत्येक मुलासाठी असे, नक्षी काहीही म्हणो. परंतु दोन वर्षांची असताना जी मुलगी या दांडीवरचे मणी सरकवत खेळली, तिचेच पाय पाचव्या-सहाव्या वर्षी कापडाच्या पट्ट्यांनी आवळून बांधले गेले असण्याचा संभव आहे. त्या प्रथेवर १९१२ साली नव्या प्रजासत्ताकाने बंदी घातली आणि ती खेड्यापाड्यांतून जायला आणखी काही दशके लागली. मला या वस्तू मनापासून आवडतात, तरी हे लपवून त्यांच्याविषयी बोलणे मला बरोबर वाटत नाही.

चेहऱ्यांविषयी पटाशी यांची शंका मलाही आली होती. १९६६ साली सांस्कृतिक क्रांतीच्या आरंभी ‘चार जुन्या गोष्टी’ नष्ट करण्याची मोहीम निघाली: जुने विचार, जुनी संस्कृती, जुन्या रूढी, जुन्या सवयी. घरोघरच्या कोरीवकामातले सरदार, विद्वान आणि देव त्यात सापडले. तरुणांची टोळी येईल या भीतीने अनेकांनी नक्षीवर चिखल थापला, कागद चिकटवले. आणि अनेक ठिकाणी आकृत्यांचे नुसते चेहरे तासले गेले. कधी ते बाहेरून आलेल्यांनी तासले, तर कधी बाकीचे वाचावे म्हणून घरच्यांनीच. हुईचौच्या जुन्या वाड्यांत तुळयांवर ओळीने बसलेल्या, चेहरे नसलेल्या माणसांच्या रांगा मी पाहिल्या आहेत. त्याच तुळयांवरची वटवाघळे आणि डाळिंबे जशीच्या तशी होती.

तांबडफुटी:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पटाशी यांनी सांगितल्याप्रमाणे विजेरी तिरकी धरून पाहिले. तिन्ही चेहऱ्यांवर वरून खाली जाणाऱ्या सरळ, समांतर रेघा आहेत. मुलाच्या चेहऱ्यावर चार, मागच्या दोघांच्या चेहऱ्यांवर दोन-दोन. चीलिनचे डोळे, शिंग, इतकेच नव्हे तर मिशासुद्धा जागेवर आहेत. रेघा मला नीटनेटक्या वाटल्या, घाईघाईने ओरबाडल्यासारख्या नाहीत. ते काम घरातल्याच कोणीतरी सावकाश, बाकी काही दुखावणार नाही अशा बेताने केले असेल, असे मला वाटत राहिले. अर्थात हे माझ्या मनाचे.

समोरच्या दांडीच्या कडेला खुणा आहेत. अगदी बारीक, जोडीजोडीने, डावीकडे अधिक दाट. तिथली लाख उडून खालचे लाकूड गुळगुळीत झाले आहे. माझ्या मुलीने तिच्या पाळण्याच्या कठड्याला केलेल्या खुणा शेजारी मोजून पाहिल्या, अंतर जवळपास तेच आहे.

मुलीला त्यात बसवणार नाही. बैठकीच्या खोलीत, तिचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर खुर्ची ठेवली आहे. आता दोन शंका उरल्या. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात लाख तडकेल का? आणि हरवलेला तिसरा मणी नवा करून घ्यावा का?

पटाशी:

तडकण्याची भीती खरी आहे. लाकूड कोरड्या हवेत आकसते, लाखेचा थर मात्र तितका आकसत नाही, म्हणून तो सुटू लागतो. पश्चिमेच्या खिडकीपासून आणि वातानुकूलन यंत्राच्या थेट झोतापासून ती दूर ठेवा. हवा सारखी बदलणे हे नुसत्या कोरडेपणापेक्षा वाईट. ओले फडके, खोबरेल, बाजारातले पॉलिश यांपैकी काहीही लावू नका. मऊ कुंचल्याने धूळ झटकली की पुरे, आणि पापुद्रे सुटलेल्या जागी तोही नको. खाली ताजी, पिठासारखी भुकटी पडलेली दिसली तर कीड जिवंत आहे असे समजून खुर्ची इतर लाकडी सामानापासून लगेच वेगळी करा. पापुद्रे फार सुटू लागले तर स्वतः गोंद लावू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचे केंद्र आहे, तिथे विचारा.

मण्याविषयी माझे मत: करू नका. करायचाच असेल तर साध्या लाकडाचा, लाख किंवा रंग न लावता करा, म्हणजे तो नवा आहे हे पाहणाऱ्याला लगेच कळेल. दांडी एका टोकाकडून निघते का ते आधी पाहा. कुसू घट्ट बसले असेल तर एका मण्यासाठी तो सांधा उघडू नका.